डावी साडेसातशे, उजवी सहाशे साठ

१२ जानेवारी २०२५, रविवार. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या पुढं एका मित्राच्या चुलत्यांचं पडीक रान आहे, तिथं आम्ही सात-आठ जणांनी खोरं-पाटी घेऊन रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा ट्रॅक केलाय. मधोमध गुडघाभर उंचीची एक उडी, तिच्यापुढं डावं वळण, आणि वळणाच्या तोंडावर चाकांनी खणलेले खड्डे. माझी बगी उडीवरून सुटली की हवेत उजवा खांदा पाडायची आणि उजव्या पुढच्या चाकावर उतरायची. त्यातून सावरलीच तर पुढच्या खड्ड्यांत तिची मागची बाजू उडायची. तिसऱ्यांदा उलटी झाल्यावर पुतण्या पळत जाऊन ती सरळ करून आला आणि म्हणाला, "काका, गाडी बेडकागत उड्या मारालीय."

तिथून ४ मेच्या आमच्या शर्यतीपर्यंत काय काय झालं ते क्रमानं लिहितोय. मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, मशीनला हात लावायची वेळ येत नाही. त्यामुळं यात चुका भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच पैसे मोजून केलेल्या आहेत.

गाडी एक-दशांश मापाची, चारही चाकं ओढणारी इलेक्ट्रिक बगी. २०२४ च्या दिवाळीच्या बोनसमधून पुण्याच्या एकाकडून साडेचौदा हजारांना सेकंडहँड घेतलेली. चार चाकांना चार शॉक्स. शॉक म्हणजे बोटाएवढी ॲल्युमिनियमची नळी, आत सिलिकॉनचं तेल, तेलात वरखाली होणारा प्लास्टिकचा पिस्टन, पिस्टनला भोकं, आणि बाहेरून स्प्रिंग. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते आणि स्प्रिंगची उसळी तेल जिरवतं. एवढं मला ठाऊक होतं. यापुढचं काहीच नव्हतं.

ट्रॅकवर सगळ्यांनी आधी माझ्या अंगठ्याला दोष दिला. त्यात तथ्य होतं. गाडी हवेत असताना ब्रेक दाबला की नाक खाली जातं, थ्रॉटल दिला की वर येतं, आणि मी घाबरून नेमका ब्रेक दाबत होतो. म्हणून रिमोट आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या चालवणाऱ्याच्या हातात दिला. त्याच्याकडं नाक सरळ राहिलं, पण उजवा खांदा पडायचा तो पडलाच. "भावा, शॉक्स मऊ आहेत. जाड तेल घाल," असं सांगून त्यानं रिमोट परत दिला.

पहिली मोठी चूक इथं झाली. १८ जानेवारीला लक्ष्मीपुरीतनं मोटरसायकलच्या फोर्कचं तेल आणलं, २० डब्ल्यू, १८० रुपये. आमच्या गाडीच्या तेलावर ३० असतं, फोर्कच्या बाटलीवर २०, पण मोटरसायकलचं म्हणजे जाडच असेल, दोन्ही शॉकचीच तेलं, असा माझा हिशेब. तो दोन्हीकडून चुकला. एक तर या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. दुसरं म्हणजे फोर्कचं तेल खनिज तेल असतं आणि माझ्या शॉक्समधल्या ओ-रिंगा, म्हणजे तेल अडवणाऱ्या गोल कड्या, सिलिकॉन रबराच्या. असलं रबर खनिज तेल पितं आणि फुगतं. पहिल्या रविवारी गाडी बरी वाटली. २ फेब्रुवारीला शाफ्ट, म्हणजे पिस्टनचा दांडा, दाबला तर जागेवरच बसला, बाहेर येईना.

त्या रात्री चारही शॉक्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडले. ओ-रिंगा सुजलेल्या भजीसारख्या दिसत होत्या. एक शाफ्ट फिरेना म्हणून मी तो सरळ पकडीत धरला आणि पिळला. पकडीचे दात त्या गुळगुळीत दांड्यावर उमटले. उमटलेला एक ओरखडासुद्धा नव्या ओ-रिंगेला कानशीसारखा घासतो आणि तेल गळत राहतं, हे नंतर कळलं. शाफ्ट धरायचाच असेल तर जाड चामड्याचा तुकडा गुंडाळून धरा, जुन्या कोल्हापुरी चपलेचा चालतो. मी दोन शाफ्ट घालवल्यावर चप्पल शोधली.

८ फेब्रुवारीला भारतातल्याच एका ऑनलाइन दुकानातनं सामान मागवलं: ओ-रिंगा आणि ब्लॅडरचा (टोपीखालच्या रबरी पडद्याचा) संच ९५०, दोन शाफ्ट ६४०, सिलिकॉन तेलाच्या चार बाटल्या प्रत्येकी ७२०. पाच दिवसांत पार्सल दारात. तेल घेताना बाटलीवरचा 'वेट'चा आकडा बघू नका, खाली बारीक अक्षरात सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप) लिहिलेले असतात ते बघा. एका कंपनीचं ३० म्हणजे ३५० सेंटिस्टोक, दुसऱ्या कंपनीचं ३० त्याहून थोडं पातळ. वेटचा आकडा ज्याच्या त्याच्या घरचा असतो, सेंटिस्टोक मात्र सगळीकडं एकच. मी ३००, ३५०, ४२५ आणि ५०० अशा चार घेतल्या. आज सांगायचं तर ५०० ची बाटली अजून फोडलेली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. ट्रॅकवर न जाता दिवसभर घरी. चारही शॉक्स पुसून, ओळीनं मांडून, फोटो काढून बसलो. फोटो काढाच, कारण बारीक वॉशर कुठल्या बाजूनं होता हे अर्ध्या तासात विसरायला होतं. पिस्टन पुसताना पुतण्यानं पुढचे दोन उजेडासमोर धरले. त्याची पहिली गाडी तामियाची, तिच्या डब्यात एक भोकाचे, दोन भोकांचे आणि तीन भोकांचे पिस्टन वेगवेगळे मिळाले होते, त्यामुळं पिस्टन दिसला की भोकं मोजायची त्याची सवय. "काका, भोकं दोन-दोनच हाईत, पण ह्याची जरा मोठी दिसालीत."

मला काही दिसेना. गल्लीच्या टोकाच्या हार्डवेअरमधनं १.६ आणि १.७ मिलिमीटरचे ड्रिल आणले, दोन्ही मिळून ११० रुपये. १.७ चा ड्रिल उजव्या पिस्टनमधनं अलगद गेला. डाव्यात तोंडाशीच अडकला. १.६ चा दोन्हींतून गेला. म्हणजे आधीच्या मालकानं कधीतरी एकच शॉक दुरुस्त केला होता आणि हाताला लागला तो पिस्टन घातला होता. मागचे दोन सारखे निघाले, १.७ चे.

भोकातला एवढासा फरक काय करतो, तर पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्यांना लगेच समजेल. पाण्यात पायऱ्यांवरून हळू उतरलं तर पाणी वाट देतं. उंचावरून पोटावर पडलं तर तेच पाणी फरशी होतं. पिस्टन हळू चालला की तेल भोकांतून निवांत निघतं. उडीवरून उतरताना पिस्टन झटक्यात आत येतो, तेलाला निघायला फुरसत मिळत नाही आणि शॉक क्षणभर दगड होतो. शर्यतवाले याला 'पॅक होणं' म्हणतात. भोकं बारीक असली की शॉक लवकर पॅक होतो, मोठी असली की उशिरा. म्हणून जाड तेल आणि मोठी भोकं, किंवा पातळ तेल आणि बारीक भोकं, असे दोन शॉक हातानं दाबले तर सारखेच लागतात. उडीवर मात्र दोघांची वागणूक वेगळी. माझ्या गाडीचा डावा आणि उजवा असे दोन स्वभाव एकाच धुऱ्यावर बसले होते.

मग स्प्रिंगांवरही संशय आला. दोन्ही पांढऱ्या होत्या. पण रंग हा प्रत्येक कंपनीचा आपापला, एकाची पांढरी मऊ तर दुसऱ्याची पांढरी कडक. मोजल्याशिवाय इलाज नव्हता.

२२ फेब्रुवारीला बायकोचा वजनकाटा घेतला. ती केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळं काटा ग्रॅमपर्यंत दाखवणारा आहे. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे कापले, एक ३५ मिलिमीटर उंच आणि एक २५, कानशीनं घासून, कारखान्यातल्या क्वालिटीच्या मित्राच्या व्हर्नियरनं तपासून. पाइप काट्यावर उभा करायचा, काटा शून्यावर आणायचा, स्प्रिंग पाइपच्या आत ठेवायची आणि सपाट लाकडी ठोकळ्यानं वरून दाबत जायचं. ठोकळा पाइपच्या काठाला टेकण्याच्या ऐन क्षणी आकडा वाचायचा. आधी उंच पाइप, मग बुटका. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे स्प्रिंग १० मिलिमीटर दाबायला लागणारं वजन. वजाबाकी घेतल्यामुळं स्प्रिंग मुळात लांब आहे की आखूड याचा प्रश्नच राहत नाही. आमच्या धंद्यातलं ओपनिंग आणि क्लोजिंग, दुसरं काय. प्रत्येक स्प्रिंग पाच वेळा दाबली आणि सरासरी काढली.

पुढची डावी साडेसातशे ग्रॅम. पुढची उजवी सहाशे साठ. मागच्या दोन्ही ३९० च्या आसपास.

मी आकडे वहीत लिहीत होतो तेवढ्यात बायको आली. काट्यावर तेलाचा ओघळ होता. "अहो, उद्या ह्याच्यावर मी मैदा मोजायचा का?" सिलिकॉन तेल साबणानं सहज निघत नाही. नवा काटा ४५० रुपये. जुना माझ्याकडं आला.

१ मार्चला दोन्ही स्प्रिंगा खिशात घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथं एका बोळात स्प्रिंगा वळणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, पंपाच्या, व्हॉल्व्हच्या, कसल्याही. विचार असा की सारखी जोडी इथंच करून घ्यावी, परदेशाचा खर्च वाचेल. त्यांनी दोन्ही तळहातावर घेतल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पेनातल्या हाईत काय?" खेळण्यातल्या गाडीच्या म्हटल्यावर हसले, पण मायक्रोमीटर काढला. तार दोन्हींची १.२ मिलिमीटर. मग नखानं आटे मोजले. उजवीला एक आटा जादा.

"आटा कमी तेवढी स्प्रिंग कडक. तार जाड झाली तर मग इचारूच नका, जराशी जाड झाली तरी भडकती." घरी येऊन सूत्र बघितलं: कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १.२ ची तार १.३ केली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक. आट्यांचं प्रमाण साधं, उलटं. आठाच्या जागी सात फिरते आटे आले तर कडकपणा आठ-सप्तमांश पट. ६६० ला आठानं गुणून सातानं भागलं की ७५४ येतात. काट्यावर आलेले साडेसातशे मिस्त्रींच्या नखाशी जुळले तेव्हा मला ताळेबंद जुळल्याचा आनंद झाला.

आणखी एक विचारलं, "उजवी वापरून वापरून मऊ पडली असंल का?" ते म्हणाले, "स्प्रिंग बसती, मऊ पडत न्हाई. उंची कमी हुती, ताकद तीच ऱ्हाती." हे मी त्याआधी आणि नंतरही अनेकांकडून उलटं ऐकलंय. चार स्प्रिंगांसाठी मशीन लावायला त्यांनी नकार दिला. पन्नास नग घ्या म्हणाले. पैसे मात्र घेतले नाहीत, चहा त्यांनीच पाजला.

३ मार्चला पिस्टनचे दोन संच आणि पुढच्या दोन स्प्रिंग-जोड्या परदेशातल्या दुकानातून मागवल्या. वाहतुकीसकट ४,१५० रुपये. तेलही तिथूनच घ्यायचा विचार होता, पण दोन विक्रेत्यांनी विमानानं द्रव पाठवायला नकार दिला, तेव्हा तेल आपल्याकडंच घेतलेलं बरं. पार्सल १४ ला निघालं, २० ला मुंबईत पोचलं आणि तिथं बसलं.

कुरिअरचा संदेश आला: केवायसी अपलोड करा. आधारचा फोटो चढवला. दुसऱ्या दिवशी नामंजूर, नाव जुळत नाही. पार्सलवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव. तसा खुलासा लिहून पुन्हा चढवला. नामंजूर, फाइल एक एमबीपेक्षा मोठी. लहान करून चढवली. नामंजूर, पत्ता जुळत नाही. आधारवर अजून गावाकडचा भुदरगड तालुक्यातला पत्ता आहे. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं सनई ऐकली. शेवटी बँक पासबुकाचं पहिलं पान चाललं, त्यावर कोल्हापूरचा पत्ता होता. हे सगळं ऐन मार्चअखेरीस, जेव्हा ऑफिसात आम्हाला जेवायला वेळ नसतो. त्यात ३० ला गुढीपाडवा, ३१ ला ईद.

तुम्ही मागवणार असाल तर ऑर्डर देतानाच आधारवर आहे तसंच पूर्ण नाव टाका. बिल आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा, दोन्ही मागतात. आणि विक्रेत्याला बिलावर वस्तूचं नेमकं वर्णन लिहायला सांगा. माझ्या बिलावर नुसतं 'टॉय पार्ट्स' होतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळं कागदावर काय शब्द आहे याला किंमत आहे. मला शुल्क, त्यावरचा कर आणि कुरिअरची हाताळणी फी मिळून २,३८० रुपये भरावे लागले. ३ एप्रिलला पार्सल आलं. डबा केवढा? काडेपेट्यांच्या पुड्याएवढा.

६ एप्रिल, रामनवमीचा रविवार. शॉक्स भरण्याचं काम. यात घाई केली की सगळं पाण्यात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शाफ्टला आणि ओ-रिंगेला आधी तेलाचं बोट फिरवायचं, मग शाफ्ट आत घालायचा. कोरडा घातला तर शाफ्टच्या टोकाच्या आट्यांवर ओ-रिंग कापली जाते. पिस्टन तळाशी ओढून नळी जवळजवळ काठोकाठ भरायची. मग पिस्टन हळूहळू वरखाली, दहा-पंधरा वेळा, तेलाच्या बाहेर न येऊ देता. बारीक बुडबुडे सुटतात, सोड्याच्या बाटलीत सुटतात तसे. मग उभं करून दहा मिनिटं सोडायचं. मी यासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे वापरला. पुन्हा पिस्टन हलवायचा, पुन्हा थांबायचं. बुडबुडे यायचे थांबले की ब्लॅडर ठेवून, शाफ्ट अर्धा आत ढकलून टोपी फिरवायची, जादा तेल बाहेर येऊ द्यायचं.

मग शाफ्ट पूर्ण दाबून सोडायचा आणि तो आपोआप किती बाहेर येतो ते बघायचं. किती यावा यावर मतं वेगवेगळी आहेत. मी पाव लांबी धरली. डावा-उजवा सारखे आले पाहिजेत, ही मुख्य गोष्ट. तपासायची युक्ती सोपी: दोन्ही शॉक्स स्प्रिंगेशिवाय समोरासमोर धरून शाफ्टची टोकं एकमेकांवर टेकवायची आणि दोन्हीकडून दाबायचं. जो आधी आत जाईल तो मऊ. माझा उजवा तीनदा आधी गेला. तीनदा उघडला. तिसऱ्यांदा त्यात वाटाण्याएवढा हवेचा फुगा निघाला.

लांबीही सारखी हवी. शॉकच्या एका टोकाच्या भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत व्हर्नियर लावला, डावा ०.६ मिलिमीटर लांब. टोकाचा प्लास्टिकचा बॉल-एंड थोडा थोडा फिरवून जुळवला. संध्याकाळी साडेसहाला चारही शॉक्स गाडीवर चढले. सकाळी अकराला सुरुवात केली होती.

गाडीची उंची चॅसिसच्या खाली पुढं-मागं २२ मिलिमीटर ठेवली. मोजण्याआधी गाडी वीतभर उंचीवरून टेबलावर टाकायची म्हणजे ती आपल्या जागी बसते. उंची बदलायला शॉकवरची चकती फिरवतात. मला वाटायचं चकती खाली आवळली की स्प्रिंग कडक होते. होत नाही, गाडी फक्त उचलली जाते. स्प्रिंग तेवढीच राहते, मिस्त्रींच्या भाषेत ताकद तीच.

१३ ला जोतिबाच्या यात्रेमुळं निम्मे जण नव्हते. २० एप्रिलला पहिली खरी चाचणी. दोन्ही पुढच्या स्प्रिंगा ६६० च्या जोडीतल्या, पिस्टन पुढं १.६ आणि मागं १.७, तेल पुढं ४२५ आणि मागं ३५०. उडीवर गेली. सरळ गेली, सरळ उतरली. पुतण्यानं शिट्टी मारली. काहीही 'ट्यून' केलेलं नव्हतं, फक्त डावी-उजवी बाजू एकसारखी केली होती, आणि त्याला तीन महिने लागले होते.

मागचं उडणं मात्र राहिलंच. आता वही उघडली. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच बदल, बदलानंतर पाच फेऱ्या, बॅटरी दर वेळी पूर्ण भरलेली. स्टॉपवॉच पुतण्याकडं. पहिल्या पाच फेऱ्यांची सरासरी ३१.४ सेकंद. मागं ३५० च्या जागी ४२५ घातलं: मोठ्या खड्ड्यांत मागची बाजू शांत, पण बारीक खरबरीत पट्ट्यात चाक जमिनीला चिकटेना, टपटप आवाज. मग ३५० वर परत येऊन मागचे शॉक्स टॉवरवर, म्हणजे त्यांची वरची टोकं जिथं बसतात त्या उभ्या पट्टीवर, एक भोक आत सरकवले. शॉक जास्त आडवा झाला की सुरुवातीला मऊ लागतो आणि दबत जाईल तसा कडक होत जातो. हा बदल पहिल्याच फेरीत कळला. तो ठेवला. मग मागं बारीक, १.६ भोकांचा पिस्टन आणि ३०० चं पातळ तेल घालून बघितलं. उडीवरून उतरताना पोट आपटणं बंद झालं, पण खड्ड्यांत पुन्हा बेडूक. घाटावरची फरशी. काढून टाकलं.

दुपारी दोन वाजता सकाळची चांगली गाडी पुन्हा ढिली पडली. वहीत लिहिलेलं काहीच लागू होईना. मी चिडून शॉक्स पुन्हा उघडायला बसलो तर मित्रानं नळीला हात लावायला सांगितलं. नळी चांगलीच तापलेली. उन्हाचा पारा ३८ च्या वर होता. बाटलीवरचे सेंटिस्टोक २५ अंशांचे असतात; तेल तापलं की पातळ होतं. तेव्हापासून पानाच्या वरच्या कोपऱ्यात वेळ आणि तापमान लिहितो. २७ ला मागं ३५० आणि ४२५ निम्मं-निम्मं मिसळून घातलं. एकाच कंपनीची तेलं अशी बिनधास्त मिसळता येतात. दुपारपुरतं ते बरं चाललं.

त्याच दिवशी रानाचे मालक, मित्राचे चुलते, काठी टेकत आले. तरुणपणी ते तालमीत होते, हौदातली माती राखायचं कामही त्यांनी केलंय. आम्ही दर चार फेऱ्यांनी धुराळा उडवत होतो. त्यांनी मूठभर माती उचलली, वाऱ्यावर सोडली. "असल्या भुश्श्यात पैलवान उतरवत न्हाईत, तुमी गाड्या उतरवालाय." म्हणजे काय करू, वस्ताद? "आदल्या सांजला पानी मारा, रातभर मुरू द्या. सकाळी मारशीला तर चिखल हुतो." आम्ही सगळे शॉक्स, स्प्रिंगा, टायर असं बोलत होतो आणि खालची जमीन दर अर्ध्या तासाला बदलत होती हे कुणी वहीत लिहिलंच नव्हतं. ३ मेच्या संध्याकाळी सहा घागरी आणि एक पाइप घेऊन ट्रॅक भिजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माती पायाखाली आवाज करत नव्हती.

४ मे. नऊ गाड्या. माझ्या पाच फेऱ्यांची सरासरी तोवर ३०.१ वर आली होती, पण मला जास्त बरं वाटलं ते दुसऱ्या आकड्यानं: सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट फेरी यांच्यातलं अंतर जवळजवळ सहा सेकंदांवरून दोनवर आलं होतं. उडीच्या आधी माझा श्वास अडकायचा तो थांबला. दुसऱ्या हीटमध्ये स्टिअरिंगच्या दांडीचं टोक निसटलं, त्याचा शॉक्सशी काही संबंध नाही, आणि ते बसवेपर्यंत तीन फेऱ्या गेल्या. सहावा आलो.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: फोर्कचं तेल १८०, ओ-रिंगांचा संच ९५०, शाफ्ट ६४०, सिलिकॉन तेल २,८८०, परदेशी पार्सल सगळं मिळून ६,५३०, ड्रिल ११०, वजनकाटा ४५०. एकूण ११,७४०. गाडी साडेचौदाची. ही बेरीज घरी फक्त मला माहीत आहे. फोर्कचं तेल आणि पकड टाळली असती तर दीड-दोन हजार वाचले असते. स्प्रिंगा आणि पिस्टन आधी मोजले असते तर जानेवारीतच ऑर्डर गेली असती आणि मार्चअखेर टळली असती.

मागच्या बाजूला अजून मन भरलेलं नाही. १.६ आणि १.७ च्या मधलं काहीतरी हवंय असं वाटतं, म्हणून कोरे पिस्टन मागवलेत, बिनभोकांचे, ड्रिल क्वालिटीतला मित्र मारून देणार आहे. या वेळी पार्सलवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव टाकलं, बिलावर नीट वर्णन लिहून घेतलं, पासबुकाचं पान एक एमबीच्या आत करून ठेवलं. पार्सल परवा मुंबईत पोचलं. काल रात्री स्टेटस बघितलं: केवायसी प्रलंबित.